मागची सीट

जुन्या स्कूटरबद्दल लोक काय काय विचारतात! अ‍ॅव्हरेज किती देते, इंजिनाचं काम केलंय का, पहिल्या किकला उठते का, पार्ट अजून मिळतात का. सीट कशी आहे, हे आजवर मला कुणीही विचारलेलं नाही. वास्तविक माणूस इंजिनावर बसत नाही, सीटवर बसतो. पण सीटचं नशीब घरातल्या कर्त्या बाईसारखं असतं. ती धड आहे तोवर तिची कुणाला आठवण होत नाही, आणि एक दिवस तिचं बिनसलं की सगळ्यांना उभं राहावं लागतं.

आमची सीट बिघडली ती मालवणात भरड नाक्यावर, ऐन बाजाराच्या वेळी. मागची सीट. रेक्झिन बरेच दिवस विरत आलं होतं, हे मला ठाऊक होतं. पण ज्या गोष्टीवर आपण स्वतः बसत नाही तिच्याबद्दल पुरुषाला एक प्रकारची स्थितप्रज्ञता असते. त्या दिवशी एका खड्ड्यात स्कूटर आदळली आणि आतली एक स्प्रिंग रेक्झिन फाडून, वर्गात बरोबर उत्तर येणाऱ्या मुलाच्या हातासारखी ताठ वर आली. आमच्या हिच्या नव्या साडीला हातभर खोंबारा गेला. नाक्यावर ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर एकच वाक्य बोलली, "आता मी बसेन ती धड सीटवर, नाहीतर रिक्षात."

तुम्ही म्हणाल, मग स्कूटरच काढून टाकायची. बोलणं सोपं आहे. ही चेतक माझ्या वडिलांनी १९८३ साली घेतली. घेतली म्हणजे दुकानात जाऊन पैसे टाकून आणली, असं समजू नका. त्या काळात स्कूटर घेत नसत, स्कूटरचा नंबर लावत, आणि मग मुंज झालेल्या मुलाचं लग्न ठरेपर्यंत वाट पाहत. नंबर लागला तेव्हा वडिलांनी पेढे वाटले. माझ्या जन्माच्या वेळी वाटले होते त्याहून ते मोठे होते, असं आई सांगत असे. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव असलेलं हे वाहन १९७२ साली रस्त्यावर आलं आणि २००९च्या सुमारास कारखान्यातून निघायचं बंद झालं. पुढे २०२० साली त्याच कंपनीने त्याच नावाची स्कूटर पुन्हा आणली, पण ती विजेवर चालणारी. तिला पेट्रोल नको, ऑइल नको आणि चालू करण्याआधी एका अंगावर कलती करायची गरज नाही. म्हणजे नाव तेच आणि आत सगळंच निराळं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे थोडं तत्त्वज्ञान येणार आहे.

आमच्या मेस्त्रीने सीट उलटी करून पाहिली. मालवणचा खारा वारा लोखंडावर प्रेम करतो ते अगदी पोखरून काढेपर्यंत. सीटचा सांगाडा त्याच्या बोटांत पापडासारखा मोडला. वैद्याने नाडी सोडावी तशी त्याने ती खाली ठेवली.

"काकानू, हिचा आता काय होवचा नाय. दुसरी बघूक होयी."

मग शोध सुरू झाला. कोल्हापुराहून एक नवी कोरी सीट मागवली. दिसायला देखणी होती, पण तिची बिजागरी एकीकडे बघत होती आणि आमच्या स्कूटरची भोकं दुसरीकडे. पत्रिका जुळत नव्हती. कॅनडातल्या भाच्याला फोनवर हे दुःख सांगितलं, तर तो म्हणाला, "मामा, इथेही तेच. माझ्याकडे जुनी स्नोमोबाईल आहे, बर्फावरून चालवायची. तिच्या सीटसाठी मी दोन हिवाळे भंगारवाले धुंडाळतोय." आम्हा मालवणकरांना बर्फ पाहायचा तर मासळीच्या बर्फाच्या कारखान्यात जावं लागतं. तरीही, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आपल्याच रक्ताचा एक माणूस आपल्यासारखाच सीटसाठी वणवण करतो आहे, हे ऐकून मन भरून आलं.

पुण्याचे आमचे मेहुणे उत्साही. ते एका रविवारी जुन्या बाजारात गेले. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो आणि तिथे आगगाडीच्या रुळांपासून आजोबांच्या चष्म्यापर्यंत काहीही मिळतं. तिथून त्यांनी मोबाईलवर अकरा सीटांचे फोटो पाठवले. लग्नाला मुली दाखवाव्यात तशा ओळीने मांडलेल्या. एकीच्या रेक्झिनवर कुणी तरी ब्लेडने स्वतःचं नाव कोरलं होतं. एकीला लहान मुलाने चिकटवलेलं क्रिकेटपटूचं चित्र अजून होतं.

ते चित्र पाहिलं आणि माझ्या मनात शंका आली. ही सीट आली कुठून? कुणी विकली, की कुणाची कुणी काढून आणली? तो मुलगा आता कुठे असेल? मुंबईच्या चोर बाजाराबद्दल तर सांगतात की, सकाळी हरवलेली वस्तू संध्याकाळी तिथे विकत मिळते. म्हणजे आपल्या गाडीची सीट आपणच परत विकत घ्यायची, वर स्वस्तात मिळाली म्हणून खूश व्हायचं. मी हिला म्हटलं, "वस्तू कुठून आली हे कळल्याशिवाय घेणं मला योग्य वाटत नाही."

"छत्तीस वर्षं बँकेत काउंटरवर बसलात," ती म्हणाली. "लोक पैसे भरायला यायचे तेव्हा कुठून आणले म्हणून विचारत होता का?"

बायकोने विचारलेल्या नैतिक प्रश्नाला उत्तर नसतं. मी मेस्त्रीकडे गेलो.

निवृत्त माणसाला वाचन फार, आणि ऐकणारा एकटा मेस्त्री, कारण त्याचे हात गुंतलेले असतात आणि त्याला पळता येत नाही. मी त्याला थीसिअसच्या जहाजाची गोष्ट सांगितली. ग्रीस देशातल्या या वीराचं तीस वल्ह्यांचं जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं होतं. एखादी फळी कुजली की काढायची आणि तिथे नवी बसवायची. असं करता करता जुनं काहीच उरलं नाही, तेव्हा जहाज तेच की दुसरं, यावर तिथले विद्वान भांडत, असं प्लुटार्कने लिहून ठेवलं आहे. पुढे सतराव्या शतकात हॉब्स नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने त्यात आणखी काडी घातली. तो म्हणाला, काढलेल्या सगळ्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं, तर खरं जहाज कोणतं? आपल्याकडेही नागसेन भिक्षूने मिलिंद राजाला त्याच्याच रथावरून कोंडीत पकडलं होतं. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. जू म्हणजे रथ का? नाही. मग महाराज, तुम्ही आलात ते कशात बसून?

मेस्त्रीने प्लग साफ करता करता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "काकानू, होडयेची फळी बदलली म्हणान होडी बदलता काय? होडी तीच. आमच्या बापाशीन अशीच होडी चाळीस वर्सां वापरली. पण नवी फळी खंयसून इली, ता कोण सांगीत?"

मी गप्प झालो. प्लुटार्क वाचून मला हे सुचलं नव्हतं. अथेन्सच्या नव्या फळ्या झाडाच्या असणार; झाड तक्रार करत नाही. हॉब्सच्या गोष्टीतही फळ्या जातात आणि येतात, पण कुणाचं घर उघडं पडत नाही. आमच्याकडची फळी मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी होडीची असणार होती. एक चेतक चालती ठेवायची तर दुसरी कुठे तरी मोडावी लागणार. विद्वानांनी जहाज तेच की वेगळं, एवढाच काथ्याकूट केला. ज्याची फळी काढली त्याला काय सांगितलं, हे कुणी विचारलंच नाही.

परिवहन खात्याला मात्र हे असले प्रश्न पडत नाहीत. पंधरा वर्षं झाली की स्कूटर ओरोसला नेऊन दाखवायची, आणि पुढे दर पाच वर्षांनी. तिथे चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात. नंबर उमटला की स्कूटर तीच. सीट बदला, चाकं बदला, रंग बदला. आत्मा पेन्सिलीने उमटतो, हे नागसेनाला कळलं असतं तर मिलिंद राजाचा पुष्कळ वेळ वाचला असता.

शेवटी मेस्त्रीनेच स्थळ आणलं. चौक्याच्या पलीकडे एका वाडीत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. मुलं मुंबईला. पत्नी गेल्यावर एकटेच. त्यांची १९८५ची चेतक पडवीत उभी आहे, इंजिन जाम झालेलं, पण सीटा अस्सल. "भंगारवाल्याक देवक तयार नायत," मेस्त्री म्हणाला. "चालवणारोच होयो म्हणतत. तुमी सगळीच घेवा. सीट आपणाक, बाकीचा मी बघतंय."

गुरुजींच्या पडवीत स्कूटर जुन्या चादरीखाली झाकून ठेवली होती. गुरुजींनी चादर काढली ती देवाच्या मूर्तीवरचं वस्त्र काढावं तशी. हॅण्डल पुसलेलं, आरसा लखलखीत. मागच्या सीटच्या कोपऱ्यावर जाळं विणायच्या नायलॉनच्या दोऱ्याने दाभणाचे सहा-सात टाके घातलेले होते.

"हिने घातलेले," गुरुजी म्हणाले. "शिंप्याला दिलं असतं तर म्हणाली, पैसे झाडाला लागतात काय?"

मग त्यांनी स्कूटरचा जीवनपट सांगितला. कोणत्या साली किती किलोमीटर, कुठल्या शाळेत बदली, कुठल्या पावसात कुठल्या साकवावर बंद पडली. मी मान डोलवत होतो आणि माझं लक्ष सीटच्या बिजागरीकडे होतं. ती तंतोतंत आमच्यासारखी होती. बोलून झाल्यावर गुरुजी माझ्याकडे वळले. इतका वेळ पुस्तकी मराठीत बोलणारा माणूस एकदम मालवणीवर आला.

"तू चालवतलस मा?"

ज्यांनी जन्मभर फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' असा सुविचार लिहिला त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन मी म्हटलं, "होय गुरुजी."

साडेतीन हजार ठरले होते. गुरुजींनी नोटा मोजल्या आणि त्यातली पाचशेची एक माझ्या हातात परत ठेवली. "भंगारवालो इलो असतो तर सगळे घेतले असते. तू चालवतलस. ठेव, पेट्रोलाक होतीत."

एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पण कोकणात कोणतंही काम गाऱ्हाण्याशिवाय पुरं होत नाही. गुरुजींनी स्कूटरसमोर नारळ ठेवला, हात जोडले आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो भला माणूस ही स्कूटर नेता हा, तेच्या हातून ती सुखान चलांदे, रस्त्यार खंय अडचण येवची नाय, असा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मेस्त्री म्हणाला आणि त्याने मला कोपर मारलं.

"व्हय म्हाराजा," मीही म्हटलं. खोटं बोलून पाचशे रुपये सूट मिळवली आणि वर देवाला साक्षीला घातलं. बँकेत असतो तर एवढ्यावर माझी चौकशी लागली असती.

पुढच्या आठवड्यात मेस्त्रीने ती स्कूटर उकलली. मागची सीट आमच्या गाडीवर चढली. उपयोगाचे भाग डब्यात गेले आणि उरलेला पत्रा काट्यावर. मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात वकिली करत होतो. एक, इंजिन जाम होतं, ती चालणारच नव्हती. दोन, मी 'चालवीन' म्हटलं, 'अख्खी चालवीन' असं कुठे म्हटलं? तीन, सीट तर रस्त्यावर आलीच की, आणि नागसेनाच्या मते अख्खी स्कूटर म्हणून काही नसतंच. धर्मराज कुरुक्षेत्रावर 'नरो वा कुंजरो वा' एवढंच पुटपुटला, तर तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. मेस्त्रीने शेवटचा बोल्ट आवळला आणि म्हणाला, "काकानू, सीट वायच खाली बसली हा. बोटभर." स्प्रिंगांमुळे असेल, असं तो म्हणाला. मी काही बोललो नाही.

आमची ही मात्र खूश. टाक्यांवरून हात फिरवून म्हणाली, "कुणी तरी मन लावून घातलेत हो." त्या रात्री मला झोप लागली नाही.

माणसाची सदसद्विवेकबुद्धी झोपली तरी कागदपत्रं जागी असतात. गाडी कायमची मोडीत निघाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर तसं परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि नोंदणीचं पुस्तक परत करायचं, असं मोटार वाहन कायदा सांगतो. कागदावर मालक अजून गुरुजीच होते. "कोण बघता?" मेस्त्री म्हणाला. खरं होतं, कुणी बघत नाही. पण उद्या त्या नंबराचं कुणी काही बरंवाईट केलं, तर पोलीस त्या पडवीत येणार होते. गुरुजींच्या सहीवाचून सुटका नव्हती. आणि सही मागायची म्हणजे अर्जात कारण लिहायचं: 'स्कूटर मोडून टाकली'.

मी स्कूटर काढली आणि चौक्याच्या रस्त्याला लागलो. एवढा सावकाश मी जन्मात कधी गेलो नव्हतो.

गुरुजी अंगणात सुपाऱ्या सोलत होते. आवाज ऐकून लगबगीने उठले. चेतकचा आवाज लांबूनही ओळखू येतो. जवळ आले, रंग पाहिला, नंबर पाहिला आणि थांबले. मग त्यांचा हात मागच्या सीटवर गेला आणि टाक्यांवर येऊन टेकला. मी खिशातून अर्ज काढला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. अर्जाच्या घडीत ती पाचशेची नोट ठेवली होती.

गुरुजींनी चष्मा लावून अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. दोन ठिकाणी माझं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं. मग सही केली.

"पुढची सीट?"

"मेस्त्रीकडे आहे. गिऱ्हाईक आलं तर देईल."

"म्हणजे माझी गेली, हिची चालता हा," ते म्हणाले. थोडा वेळ सुपारीकडे पाहत राहिले. "अर्धा खोटा बोललस तर."

"नाही गुरुजी. पुरं खोटं बोललो."

त्यांनी नोट उचलली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. 'राहू दे रे' म्हणाले नाहीत की पाठीवर हात ठेवला नाही. गोष्टीतले गुरुजी असते तर त्यांनी नोट परत केली असती आणि मी डोळे पुसत घरी गेलो असतो. या गुरुजींनी पैसे घेतले, म्हणूनच मला उजळ मानेने उभं राहता आलं. क्षमा फुकट मिळाली की तिचंही ओझं होतं, आणि मी आधीच बोटभर खाली बसलो होतो.

मी निघालो तसे गुरुजी म्हणाले, "कट्ट्याक जातंस काय? माका बाजारात सोड."

मला कट्ट्याला जायचं नव्हतं. मी होय म्हटलं. हे मात्र खोटं म्हणता येणार नाही, कारण पुढे मी गेलोच. गुरुजींचे गुडघे आता फाकत नाहीत, म्हणून ते मागे एका अंगाने बसले, डावीकडे तोंड करून, पूर्वी बायका बसत तसे. सुरुवातीला पाठीमागून सूचना येत होत्या. "तिसऱ्यात टाक." "क्लच अर्धो धर नको." "पुढे वळण आसा." मग सूचना थांबल्या. मला वाटलं रागावले, नाहीतर झोप लागली. आरशात पाहिलं तर सीटची कड धरून रस्त्याच्या बाजूची घरं, कुंपणं, आंब्या-काजूची झाडं न्याहाळत होते. जन्मभर ज्या रस्त्याने गेले तिथे परक्या गावात आल्यासारखे.

कट्ट्याला थांबलो. गुरुजी उतरले, धोतर नीट केलं आणि सीटकडे पाहत म्हणाले, "पस्तीस वर्सां ती हय बसली. मी एकदा पण बसाक नाय."

मी काय बोलणार?

"हयसून अर्धोच रस्तो दिसता रे. एकच बाजू."

"होय गुरुजी. दुसरी बाजू येताना दिसते."

गुरुजींनी बाजाराकडे पाहिलं. पिशवी तशीच रिकामी होती. मग ती त्यांनी काखेत धरली आणि पुन्हा एका अंगाने सीटवर चढून बसले.

"चल तर. माका घराकडे सोड."